उचलून माळ्यावर ठेवायचं दार : राजापूरच्या एका घराचं प्रकरण

राजापूरच्या बाजारपेठेत आमचं जुनं घर आहे, नदीच्या अंगाला, जवाहर चौकातून चालत तीन-चार मिनिटांवर. अर्जुना आणि कोदवलीचं पाणी पावसाळ्यात चौकात येतं हे राजापूरकरांना सांगायला नको, जवळजवळ दरवर्षी एकदा तरी दुकानदारांची माल वर चढवायची धावपळ होतेच. त्या घराच्या पुढच्या दाराची ही हकीकत. दार नक्षीचं, जुनं, आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही पाच हिस्सेदार ते विकायच्या अगदी बेतात आलो होतो. का विकलं नाही, दाराला नक्की झालं काय होतं, दुरुस्ती कशी केली, खर्च किती आला, मी कुठे चुकले, सगळं सविस्तर लिहून ठेवतेय कारण कोकणात अशी दारं असलेली घरं अजून बरीच आहेत आणि त्यांच्या चौकटींचे पाय अगदी आमच्यासारखेच सडतायत, आणि घरातल्या माणसांना वाटतंय की जुनं झालं, आता काय करणार.

आधी दार कसं आहे ते सांगते. चौकट फणसाची, झडपा दोन, सागाच्या. मोकळी जागा उंचीला साडेपाच फूट आणि रुंदीला पावणेचार, त्यामुळे जरा उंच माणसाला मान वाकवूनच आत यावं लागतं, आणि उंबरठा नऊ इंचाचा म्हणून पाय उचलूनच. चौकटीवर नक्षीच्या तीन पट्ट्या आहेत, बाहेरची वेलीची, मधली मण्यांच्या माळेसारखी आणि आतली कमळाच्या पाकळ्यांची. ती आतली इतकी बारीक आहे की दिवाळीत उंबरठ्यावर पणती ठेवली की प्रत्येक पाकळीची सावली वेगळी पडते. वर मधोमध गणपती, या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोर. लहानपणापासून मी हे मोर बघत आलेय पण डावीकडच्या मोराच्या पिसाऱ्यात सात डोळे आहेत आणि उजवीकडच्याच्या सहाच, हे मला कळलं ते रंग काढताना. सातव्या डोळ्याच्या जागी लाकडात गाठ आहे. कारागिराने तिथे पटाशी रेटली नाही, शेजारच्या वेलीचं एक पान वळवून त्या जागेवर आणलं आणि गाठ पानाच्या पोटात घेतली. अख्ख्या दारात मला ही जागा सगळ्यात जास्त आवडते, तो माणूस कोण होता ते कुठे लिहिलेलं नाही पण त्या पानाशी थांबलं की त्याने काम थांबवून केलेला विचार दिसतो.

बाहेरच्या पट्टीतली वेल निघते ती खाली, उंबरठ्याजवळ दोन्ही बाजूंना कोरलेल्या दोन घटांतून, आणि वर चढत जाऊन गणपतीपाशी येते. हे घट लक्षात ठेवा.

गणेशपट्टीच्या वरच्या कडेला खिळ्यांची भोकंच भोकं आहेत. दसऱ्याची तोरणं, आणि नवं बांधायचं ते, म्हणजे भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र बांधून दाराला लावतात ते. पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी एक खिळा. दुरुस्तीच्या वेळी ही भोकं बुजवायची नाहीत हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

आता राजापुरात असं दार का, तर आजचं गाव बघून कळत नाही पण हे मोठं बंदर होतं. जैतापूरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं आत यायची, घाट उतरून आलेला माल इथून समुद्राला लागायचा, सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी इथे वखार घातली ती उगाच नाही. याच वखारीतले इंग्रज १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले आणि त्याबद्दल १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन वखार लुटली, वखारप्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैदेत टाकलं. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबतं येईनाशी झाली, व्यापार सरकला. राहिली ती व्यापाऱ्यांची घरं, आणि राजापुरी हळद, राजापुरी पंचा ही नावं. व्यापाऱ्याच्या घराचं दार म्हणजे त्याची पत असायची, ओटीवर बसून सौदा करणारा माणूस अर्धा वेळ त्या चौकटीकडे बघत असणार. किल्ल्याच्या किंवा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखे हत्तीला अडवणारे टोकदार खिळे आमच्या दाराला नाहीत, नुसत्या लोखंडी फुल्या आहेत. गंमत म्हणजे पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये, २००० साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेलं ते शहर, तिथल्या नक्षीच्या दारांवर पितळी टोकदार खिळे आहेत आणि ती पद्धत आपल्याकडच्या हत्तीच्या दारांवरून तिकडे गेली असं मानतात, तिथे दाराशी हत्ती येण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच समुद्राच्या दोन काठांवरची दारं आहेत ही.

लाकडाचंही तसंच. साग म्हणजे जहाजाचं लाकूड. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागाची झाडंसुद्धा परवानगी घेऊनच तोडायला सांगितलीत आणि आंबा-फणसाला तर हातच लावू नका म्हटलंय, कारण ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. म्हणून मला फणसाच्या चौकटीचं अप्रूप जास्त वाटतं, परसातलं आपलं झाड असेल तेव्हाच एवढी मोठी चौकट होते. फणसाचं लाकूड कापलं की पिवळंधमक असतं, वर्षं जातील तसं तपकिरी होत जातं, आणि कोरायला मऊ नाही पण आज्ञाधारक, हा पुढे दुरुस्ती केलेल्या मेस्त्रींचा शब्द.

काका कायम सांगायचे दार शिवकालीन आहे. लाकूड मात्र वेगळं सांगतं. मूळचे सगळे खिळे हाताने घडवलेले, चौकोनी. झडपांच्या मागच्या बाजूला दोघांनी मिळून ओढायच्या करवतीचे सरळ ओरखडे, यंत्राच्या गोल करवतीचे अर्धगोल कुठेच नाहीत. तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सर्रास झाले, आमच्या दारात मूळचा असा एकही नाही. म्हणजे शंभरच्या वरचं नक्की, सव्वाशे-दीडशे म्हणायला हरकत नाही, पण साडेतीनशे म्हणण्यासारखं दारात काही नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस नीट बोलले नाहीत माझ्याशी.

तर प्रकरण सुरू झालं ते असं. मुंबईकडचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी गावात दारं बघत फिरत होता, त्याने आमच्या शेजाऱ्याकडून दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा नंबर घेतला. ९० हजार रोख आणि बदल्यात नवं सागवानी दार बसवून. दादाने फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खालून दोन्ही घट सडलेले, झडपांची खालची टोकं कुजून केसासारखी सुटलेली, आणि लिहिलं की अजून दोन पावसाळे काढले तर हे ९० हजार पण मिळणार नाहीत. दादाला दोष देणार नाही, घराची घरपट्टी, कौलं, वीजबिल सगळं तोच बघतो, आम्ही गणपतीला येऊन जाणारी माणसं. तीन जणांनी हो म्हटलं. मी पण जवळजवळ म्हटलंच होतं.

मग मी एक कायदा वाचला. १९७२ चा पुरातन वस्तूंचा केंद्राचा कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षांच्या वरची, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूसुद्धा त्यात पुरातन वस्तू धरली जाते. म्हणजे दार भिंतीत आहे तोवर घराचा भाग, सुटं केलं की कायद्याच्या भाषेत वेगळीच चीज. अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मी दादाला म्हटलं, त्याला परवान्याची प्रत पाठवायला सांग फक्त. तो माणूस म्हणाला पाठवतो, मग म्हणाला ऑफिसात आहे, मग फोन घेईना झाला. जुन्या दाराचा सौदा करणाऱ्या प्रत्येकाने हा एवढा एक प्रश्न जरूर विचारावा. नाहीतर त्या दारांचं होतं काय, चौकट एका गिऱ्हाईकाला, झडपा दुसऱ्याला, वर काच टाकून कुणाच्या तरी हॉलमध्ये टेबल. मी असं एक टेबल बघितलंय, उंबरठ्याकडची बाजू कापून सरळ केली होती.

सौदा मोडला पण दार सडतच होतं, त्यामुळे खरा प्रश्न तिथेच. आधी आलेल्या एका सुताराने पाच मिनिटांत निदान केलं, वाळवी आहे, खालचं दीड फूट कापा, तिथे सिमेंटचा पाया भरा, झडपांना खालून पत्रा मारा, वर पुन्हा ऑइलपेंट. आठ हजारांत काम. आणि खरंच सांगते, स्वस्त होतं म्हणून आम्ही तेच केलं असतं, पण सामान आणायला पैसे घेऊन गेला तो आलाच नाही.

दुसरे मेस्त्री आले ते नाटे गावाकडचे, वयाने सत्तरीच्या आसपास, आधी होड्यांचं काम करायचे. त्यांनी पहिला दिवस काहीच केलं नाही, नुसते टोच्या घेऊन लाकूड टोचत बसले. मी ओलावा मोजायचं एक छोटं मीटर मागवलं होतं, दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दाखवतं, ते त्यांना दिलं तर त्यांना फार आवडलं. नोव्हेंबर संपत आलेला, पाऊस जाऊन दीड महिना झालेला. चौकट वर छातीच्या उंचीला १५ टक्के, गुडघ्याच्या उंचीला १९, आणि घटांपाशी ३१. झडपांच्या खालच्या कडेला २८. लाकडात २० टक्क्यांच्या खाली पाणी असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, त्याच्या वर सतत राहिलं की सुरू होते. आणि वाळवी? वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठेच नव्हत्या. जे होतं ते तपकिरी पडून चौकोनी चौकोनी भेगा गेलेलं लाकूड, बोटाने दाबलं की भुगा. ती कुज आहे, वाळवी नाही. हा फरक फार महत्त्वाचा कारण वाळवीवर औषध मारतात आणि कुजीवर औषध मारून काही होत नाही, पाणी कुठून येतंय आणि बाहेर का जात नाहीये ते शोधावं लागतं.

मेस्त्री म्हणाले, "ताई, ह्ये लाकूड म्हातारं नाय झालेलं, ह्येला कोंडून घातलाय."

पाणी कुठून येतं ते उघड होतं, पुरातून. पण पूर तर दीडशे वर्षं येतोय. एवढी वर्षं टिकलेलं दार गेल्या तीसेक वर्षांतच का सडावं? हाच प्रश्न आम्ही चहा घेत घेत चिवडत होतो आणि मेस्त्री आतून गणेशपट्टीच्या मागे बघत होते. तिथे चौकटीच्या मागच्या अंगाला एक जाड लाकडी ठोकळा आहे, अख्ख्या रुंदीचा, त्याला दोन टोकांना दोन गोल भोकं, रंगाने बुजत आलेली. आम्ही सगळे त्याला चौकटीचा भाग समजत होतो. मेस्त्रींनी विचारलं, ही भोकं कशाला? आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मग त्यांनी ठोकळ्याच्या बाजूची पाचर दाखवली. ठोकळा खिळ्यांनी ठोकलेला नाहीच, दोन लाकडी पाचरींवर अडकवलेला आहे आणि पाचरींच्या खाचा आतून घासून गुळगुळीत झाल्यात. एकदा बसवून सोडलेल्या गोष्टीची खाच अशी घासत नाही. कुणीतरी ती पाचर पुन्हा पुन्हा काढत होतं.

त्या रात्री मी आत्याला फोन केला. आत्या ८४ वर्षांची, रत्नागिरीला असते. मी विचारायचा अवकाश, तिने लगेच सांगितलं. "अगं, पाणी चौकात आलं अशी हाक आली की आबा आधी दार काढायचे, मग तांदूळ वर न्यायचे. दार माळ्यावर. आणि आम्ही पोरं उघड्या चौकटीत उंबरठ्यावर बसून पाणी कुठवर आलं ते बघायचो, आई ओरडायची." मी म्हटलं, आत्या, हे तू कधी बोलली नाहीस. तर म्हणाली, कुणी विचारलं?

आता सगळं जुळलं. या दारांना बिजागऱ्या नसायच्याच. झडपेची भिंतीकडची उभी पट्टी वरखाली थोडी लांब ठेवून तिचे गोल खुंट करायचे, खालचा खुंट दगडातल्या उखळीत बसायचा आणि वरचा त्या ठोकळ्याच्या भोकात. पाचर काढली, ठोकळा उचलला, की झडप आपसूक सुटी. एक झडप साधारण ३५ किलो, दोन माणसांचं काम. पुराच्या गावातलं दार काढता येईल असंच बनवलेलं होतं. आणि दार नसलं की पाणी घरातून वाहून जातं, बंद दारावर रेटा देत बसत नाही.

मग बदललं काय? माझ्या लहानपणी बाबांनी आणि काकांनी ओटीला नवी फरशी बसवली. तेव्हा शेणाने सारवलेली जमीन जाऊन मोझॅकच्या टाइल्स येणं ही केवढी मोठी गोष्ट होती, आम्ही पोरं त्यावर घसरत होतो मला आठवतंय. जमीन तीन इंच वर आली. दगडी उखळ्या सिमेंटखाली गेल्या. झडपा खालून तीन इंच कापाव्या लागल्या, खुंट गेले, वरचे खुंटही कापले, आणि बाजारातल्या लोखंडी बिजागऱ्या स्क्रूने मारल्या. त्यानंतर दार काढता येईनाच. कापल्यामुळे लाकडाची उघडी तोंडं थेट खाली आली, लाकूड पाणी पितं ते याच तोंडांनी, केळीच्या खुंटासारखं. वरून दोन्ही बाजूंना चॉकलेटी ऑइलपेंटचे थर, म्हणजे खालून आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. चौकटीच्या पायाभोवतीचा चुन्याचा गिलावा काढून सिमेंट भरलं, फणस सिमेंटात उभा. चुना पाणी घेतो तसं सोडतो, हे कडक सिमेंट लाकडाशी चीर धरतं, त्या चिरेत पाणी जातं आणि तिथेच बसतं. यातलं एकही काम कुणी दुर्लक्ष म्हणून केलेलं नाही, प्रत्येक काम दारावरच्या मायेने केलेलं आहे. रंग तर दर दोन वर्षांनी गणपतीआधी नवा.

हे कळल्यावर दुरुस्तीचा अर्थच बदलला. आधी आम्ही सडलेलं लाकूड बदलायच्या गोष्टी करत होतो, आता ठरलं की दार पुन्हा उचलता आलं पाहिजे. दादाच म्हणाला हे, मी नाही. टाइल्स फोडायला काका तयार नव्हते, पण दादाने त्यांना आत्याशी फोनवर बोलायला लावलं आणि थोरल्या बहिणीपुढे काका काय बोलणार.

काम जानेवारीत सुरू केलं, लाकूड वाळलेलं असतं म्हणून. दाराजवळच्या दोन ओळी टाइल्स काढल्या, खाली दोन्ही उखळ्या शाबूत, काळ्या दगडाच्या, आतून आरशासारख्या गुळगुळीत. चौकटीभोवतीचं सिमेंट छिन्नीने हळूहळू काढलं, यालाच चार दिवस गेले.

रंग काढायचं काम मी आणि वहिनीने घेतलं. इथे जरा सविस्तर सांगते कारण बहुतेक दारं याच टप्प्यावर मरतात. कॉस्टिक सोडा लावू नका, रंग भराभर निघतो पण लाकूड काळं पडतं, धागे सुटतात आणि सोडा आत मुरून राहतो. मशीनने घासू नका, कमळाच्या पाकळ्यांची धार एकदा गेली की गेली. आम्ही पेस्टसारखं मिळतं ते पेंट रिमूव्हर लावून, बांबूच्या तासलेल्या काड्या आणि जुने टूथब्रश वापरून काढलं, हातात जाड हातमोजे, दारं-खिडक्या उघड्या. चॉकलेटीखाली हिरवा निघाला, त्याखाली निळा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं, आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही, मास्क लावायचा, पोरांना लांब ठेवायचं आणि निघालेला खरवड पिशवीत बांधून ठेवायचा, नदीत टाकायचा नाही. आम्हाला सव्वीस दिवस लागले. पाठ दुखायची, पण गणपतीच्या सोंडेवरचे रेघांसारखे बारीक वळसे रंगातून वर आले तेव्हा वहिनी कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती.

मेस्त्रींनी सडलेलं तेवढंच कापलं. सरळ आडवं नाही, तिरकं. जुन्याचं तिरकं तोंड आणि नव्याचं तिरकं तोंड एकमेकांवर बसवून आरपार लाकडी मेखा, आंब्याचं कलम बांधतात अगदी तसं, त्यामुळे भार एका रेषेवर येत नाही आणि वरचं पाणी सांध्यात साठत नाही. चौकटीच्या पायांना फणसच वापरला, झडपांना मोडलेल्या घराचा जुना साग, घनफुटाला साडेतीन हजारांनी मिळाला. नवा साग स्वस्त पडतो पण त्यात पांढरट बाहेरचं लाकूड फार असतं आणि कुजीला दाद देत नाही ते गाभ्याचं लाकूड, पांढरट नाही. झडपांना खाली-वर नवे खुंट खैराचे केले कारण ती झिजायची जागा. पटाशी, किकरं, मोगरी, गुण्या, सगळं हाताचं काम, यंत्र फक्त गिरमिटाऐवजी ड्रिल.

चौकटीचे पाय आता जमिनीत नाहीत, अर्ध्या इंचाच्या दगडी चकतीवर उभे आहेत आणि भोवती चुना. लपलेल्या बाजूंना आणि खालच्या कडेला काजूच्या टरफलाचं तेल लावलं, होड्यांना लावतात ते. मेस्त्रींनी मला त्याला हात लावू दिला नाही, कातडी भाजते. नक्षीवर मात्र ते नाही, तिथे उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तीन हात, प्रत्येक हातानंतर कोरड्या फडक्याने पुसून. कच्चं जवसाचं तेल कोकणच्या दमट हवेत चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते, ही माझी चूक, एका कोपऱ्यावर आधी तेच लावून बसले होते आणि पुन्हा सगळं पुसून काढावं लागलं. आणि तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, घराबाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

राहिले घट. उजवीकडचा अर्धा तरी शिल्लक होता, डावीकडचा पूर्ण गेलेला. नव्या लाकडावर घट पुन्हा कोरायचा की नुसता आकार ठेवायचा यावर आमचं चांगलंच वाजलं. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, म्हटलंय की जुन्या वास्तूत नवीन घातलेला भाग ओळखू आला पाहिजे, जुन्याचा आव आणू नये, आणि मला ते पटतं. मी म्हटलं, साधा गोल आकार ठेवू, नक्षी नको, खोटं होईल. दादाला वाटत होतं अगदी हुबेहूब करावं. आत्याला फोन केला तर ती एकच वाक्य बोलली, "रिकामा ठोकळा दाराशी ठेवणार आणि वेल कुठून येणार मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेल त्या घटातून निघते, दाराचा अर्थच तो आहे, आणि दार काही संग्रहालयात नाही, या घरात सून माप ओलांडून येते ते याच दोन घटांच्या मधून. मेस्त्री नक्षीचं काम करत नाहीत, सावंतवाडीकडचा एक लाकडावर कोरणारा मुलगा आला, त्याने उजव्या घटावरून डावा काढला, आणि घटाचं पोट जरा जास्त गोल झालंय, जवळून बघितलं की कळतं. लाकूडही पिवळं आहे अजून, जुनं तपकिरी. नव्या तुकड्यांच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला आम्ही पटाशीने साल कोरून ठेवलंय, पुढच्या कुणी उघडलं तर त्याला कळेल कुठलं कधीचं.

खर्च थोडक्यात, लाकूड २१ हजार, मेस्त्रींची मजुरी ३४ हजार, कोरणाऱ्याला १२, तेल-चुना-रिमूव्हर आणि किरकोळ ७, एकूण ७४ हजार, पाच हिस्से केले. पहिल्या सुताराच्या आठ हजारांपेक्षा खूप जास्त, हे खरंय. पण त्या सिमेंटाने आणि पत्र्याने पाणी आणखी कोंडलं असतं.

वसंतातच आम्ही दार काढायची तालीम केली. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, ठोकळा अडकला, काका ओरडले, झडप दादाच्या पायावर येता येता राहिली. तिसऱ्यांदा बारा मिनिटं. कुठली पाचर कुठली हे कळावं म्हणून वहिनीने त्यांना एक आणि दोन रेघा मारल्या, आणि माळ्यावर झडपा टेकवायला दोन जाड गोणपाटं कायमची ठेवली.

जुलैत एका रात्री साडेतीनला दादाचा ग्रुपवर मेसेज आला, चौकात पाणी. मी पुण्यात, काही करू शकत नव्हते. पावणेचारला वहिनीने फोटो टाकला, चौकट मोकळी, झडपा नाहीत, उंबरठ्याबाहेर अंधारात काळं पाणी चकाकतंय आणि डावा घट बॅटरीच्या उजेडात पिवळा दिसतोय. पाणी उंबरठा ओलांडून आत आलं, ओटीवर दीड फूट चढलं आणि दुपारी उतरलं. दादाने चौकट गोड्या पाण्याने धुतली, गाळ फटींतून काढला, पंखा लावून ठेवला. दहा दिवसांनी मीटर घटापाशी २२ दाखवत होतं, ऑगस्टच्या शेवटी १८.

झडपा मात्र गणपतीच्या आदल्या दिवशीच बसवल्या. मूर्ती आणायची ती पाटावरून, दोन्ही झडपा सताड उघड्या हव्यात आणि उंची साडेपाच फुटांत मावली पाहिजे, म्हणून आमच्याकडे मूर्ती नेहमी दीड फुटाचीच असते. आत्या रत्नागिरीहून आली होती. तिने आधी खाली वाकून घट बघितला, मग वर ठोकळ्याकडे बघितलं आणि दादाला म्हणाली, डावी पाचर उलटी घातलीय, आबा जाड टोक आतल्या बाजूला ठेवायचे.

दादाने स्टूल आणून ती काढली आणि फिरवून घातली.